हलगीला ऊब लागते

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की आमच्या पाथर्डीकडच्या गावांना ते आधी कानांनी कळतं. वळणावर ट्रॅक्टर गिअर बदलतो, ट्रॉलीत पातेल्यावर पातेलं आदळतं, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या ओरडतात आणि बिऱ्हाडाच्या ढिगावर बसलेली एखादी बाई गाव दिसायच्या आधीच कुणाला तरी हाका मारायला लागते. पाच-सहा महिने कुलूप लावलेली घरं दोन दिवसांत उघडतात. गल्लीभर झाडू चालतात. गोधड्यांना उसाच्या आंबूस रसाचा वास असतो, तो चार वेळा धुतल्याशिवाय जात नाही.

काल या वर्षीचा पहिला ट्रॅक्टर आला. मी ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. चैत्रात लोकांना पालवी दिसते म्हणतात. मला चिंचोके दिसतात, आणि चिंचोके दिसले की एक साल आठवतं. त्या साली माझ्या घराची अब्रू पणाला लागली होती आणि ती राहिली, म्हणून ते साल मी जपून ठेवलं आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढं लग्न आणि कोयता. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. दोघांतलं एक नसलं की राहिलेल्याला अर्धा कोयता म्हणतात. त्यात टोमणा नसतो, कामाचा शब्द आहे तो. नवरा गेल्यावर मीही तीन हंगाम अर्धा कोयता होते. मोळ्या तेवढ्याच जड असतात.

त्या साली माझा धाकटा दीर किसन अर्धा कोयता होऊन घरी आला.

त्याची बायको सोना फडावरच वारली. तीन दिवस छातीत कळ येते म्हणत होती आणि मोळ्या उचलत होती. चौथ्या दिवशी सरीत बसली ती उठलीच नाही. तिकडंच नदीकाठी तिला अग्नी दिला आणि तिसऱ्या दिवशी तोडणाऱ्यांची टोळी पुन्हा फडात उतरली. टोळीला मी दोष देत नाही. ऊस उभा होता. किसनही उतरला. सगळा हंगाम त्याने काढला, न चुकता. मग गावी आला, ट्रॉलीतून आपली पेटी उतरवली, माझ्या दारातल्या खांबाला पाठ टेकवून बसला, तो बसलाच.

बोलत नव्हता. ताट पुढं ठेवलं तर भाकरीचा एक तुकडा मोडायचा आणि बाकीची कुत्र्याला. उन्हं खांबाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायची, हा तिथंच. मी आधी चिडले. मनाचं दुखणं हे पोट भरलेल्यांचं असतं, अशी माझी समजूत होती. मी नवरा गेल्याच्या पंधराव्या दिवशी कामाला लागले होते. याला काय झालं?

माझा मुलगा भास्कर डॉक्टर आहे. हे वाक्य मी कुठंही, कुणालाही, कारण नसताना सांगते. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते. गावात त्याचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे, पुढं पत्र्याची शेड. सकाळी उठून माळावर चार मैल चालून येतो, गोड खात नाही, आणि दुसऱ्यांनीही तसंच करावं म्हणून जीव खातो. त्याच्या दवाखान्याची गंमत अशी, की बीपी बघून झालं की तो सुई टोचत नाही. प्रश्न विचारतो. झोप लागते का? जेवण जातं का? कशात मन लागतं का? आणि चौथा प्रश्न त्याचा स्वतःचा, कुठल्या पुस्तकात नसेल: समोर बसून गाणं-वाजणं शेवटचं कधी ऐकलं?

लोक हसायचे. माझी शेजारीण शेवंता एकदा मला म्हणाली, "पाय मुरगळला म्हनून गेले, तर इचारतो गानं कवा आयकलं. तुझ्या लेकाचंच डोकं तपासून आन एकदा."

"त्याचं डोकं चांगलं हाय," मी म्हणाले. "तू रातची झोपत न्हाईस हे त्यालाच कळलं. तुझ्या नवऱ्याला कळलं व्हतं का?"

त्याचा तो नाद खराच मोठा आहे. दर रविवारी चार वाजता दवाखाना बंद करायचा आणि शेडमध्ये सतरंजी अंथरायची. ज्याला जे येतं त्याने ते वाजवायचं. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर पेटी घेऊन यायचे, देवळात वाजवतात तेवढ्याच मनाने इथं वाजवायचे. देवीपुढचे संबळवाले यायचे. ऐकायला आधी पाचजण, मग पंधरा. मोबाईलवर लावलेलं त्याला चालत नाही. म्हणतो, "आई, मोबाईलमधलं गाणं म्हणजे फोटोतली भाकरी. समोरचा माणूस श्वास घेतो तेव्हा ऐकणाराही घेतो. बिघडलेल्या माणसाचा श्वास आधी जागेवर आणावा लागतो." मला हे सगळं पटतं असं नाही. पण बोलतो छान.

किसनला त्याने पहिल्याच दिवशी ते प्रश्न विचारले. समोर पाटावर बसून, मोठ्या डॉक्टरसारखा नाही, पुतण्यासारखा.

"नाना, झोप लागते का?"

किसन कुत्र्याकडं बघत राहिला.

"जेवण जातं?"

"कशात मन लागतं का, नाना?"

किसन म्हणाला, "मी आता अर्धा कोयता."

तेवढंच. भास्कर उठला, घरातली फवारणीच्या औषधाची बाटली उचलली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ही दवाखान्यात नेतोय. नानांना एकटं सोडू नको. एक घटकाही नको." मी कारण विचारलं नाही. सोनाने भास्करला लहानपणी फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सांभाळलं होतं. मी फडात असले की ती याला पाठीशी बांधायची. तिच्या छातीची कळ आपण आधी तपासली असती तर, हे त्याच्या मनात होतं.

नगरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. मी वेळेवर द्यायची. झोप थोडी आली, पण माणूस काही आला नाही.

आता हलगीचं सांगते. आमचं घर वाजवणाऱ्यांचं. गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बोलावणं आमच्या दारी. नवरा आणि किसन दोघं भाऊ वाजवायचे. त्यांच्यासारखी हलगी चार गावांत नव्हती, हे मी बायको म्हणून नाही, कान असलेली बाई म्हणून सांगते. पण वाजवून झालं की जेवायला वेगळं बसवायचे, दाराबाहेर. ते मला सोसायचं नाही. भास्कर सातवीत असताना शाळा सोडून बापामागं मिरवणुकीत जायला लागला. एक दिवस मी हलगी उचलली, माळ्यावर पत्र्याच्या पेटीत तळाला घातली आणि सगळ्यांना सांगितलं, बाजारात एकाला देऊन टाकली.

नवरा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. पुढं भावाच्या हलगीवर वाजवत राहिला, आणि ते खोटं खरं मानूनच गेला. मला पश्चात्ताप नव्हता. आजही नाही. भास्कर शाळेत गेला.

त्या चैत्रात भास्करला वाटलं, नानांच्या हाताला हलगी द्यावी. किसनची स्वतःची फडावरच कुठं मागं राहिली होती. तर हा नगरहून नवी घेऊन आला. वर ताणलेलं पान प्लास्टिकचं, चकचकीत. मोठ्या उत्साहाने सांगायला लागला, "नाना, बघा तरी. हिला तापवावं लागत नाही. पावसात भिजली तरी वाजते."

किसनने तिच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

डॉक्टर झाला म्हणून सगळं कळतं असं नाही. हलगी गार असते तेव्हा भद्द वाजते. आधी पाचट, काटक्या गोळा करून जाळ करावा लागतो. आचेवर धरायची, टिचकी मारून बघायची, पुन्हा धरायची. पान ताणत जातं आणि मग टणकन बोलतं. तोवर वाजवणाराही जागा होतो. तापवायचं काम काढून घेतलं तर हाताला उरतं काय? माझा मुलगा ऐकणारा झाला, वाजवणारा झाला नाही, म्हणून त्याला हे ठाऊक नव्हतं. आणि ते माझ्यामुळंच.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढले. पेटी उघडली तर उंदरांनी पान खाऊन टाकलेलं. नुसतं लोखंडी कडं राहिलं होतं, गंजलेलं. मी ते राखेने घासलं आणि किसनच्या मांडीवर टाकलं.

"हे मढवून दे."

त्याने कड्यावरून अंगठा फिरवला. एका जागी खाच होती, तिथं थांबला.

"दादाचं हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"तू तर देऊन टाकली म्हनालीस."

"खोटं बोलले. मढवनार का न्हाई तेवढं सांग."

त्याने कडं शेजारी ठेवलं. उचललं नाही, पण दूरही सारलं नाही.

मी खाटकाकडून शेळीचं कातडं आणवलं आणि त्याच्यासमोर आपटलं. त्याने एक कोपरा उचलून उजेडात धरला, वास घेतला.

"ही म्हातारी शेळी. हिचा आवाज बसका निघल."

महिन्यात पहिल्यांदा एवढं लांब वाक्य. मी तोंडावर काही दाखवलं नाही. "मला काय कळतं त्यातलं? तुला कळतं तर तू आन."

बुधवारी तो जीपने पाथर्डीच्या बाजाराला गेला. भास्कर दुपारी जेवायला आला आणि खांब मोकळा बघून पांढरा पडला.

"आई! नाना कुठं?"

"बाजारला."

"एकटे?"

"शेवंताचा नवरा हाय संगं. मला अक्कल न्हाई का?"

तेवढ्यात त्याला ओट्यावर कडं दिसलं. उचललं. "हे कुठलं?"

"तुझ्या बापाचं."

मी सगळं सांगितलं. तो ऐकून उठला, न जेवता दवाखान्यात गेला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बापावर गेला आहे. बाप आठ दिवस बोलला नव्हता, हा दोनच. शिक्षणाचा तेवढा फायदा.

किसनने कातडं आणलं ते कोवळं, पातळ, सारख्या जाडीचं. चुन्याच्या पाण्यात भिजवलं, खापराने केस खरडून काढले. घरात असा वास सुटला, की शेवंता नाकाला पदर लावून भांडायला आली. मी चिंचोके भाजले, फोलपटं काढली, भिजवून पाट्यावर वाटले आणि खळ शिजवायला ठेवली. कातडं कड्याला याच खळीने चिकटतं. किसन चुलीशी येऊन बघून गेला.

"अजून घट्ट कर."

"हात दुखले माझे."

"मंग दे इकडं." आणि पळी माझ्या हातून घेतली.

मढवायला दोन माणसं लागतात. एकाने कडं पक्कं धरायचं, दुसऱ्याने ओलं कातडं चहूबाजूंनी ओढत आणायचं. मी धरलं. तो ओढत होता. अर्धं झालं आणि त्याचा हात थांबला.

"सोना धरायची कडं," तो म्हणाला.

मी कडं दुसऱ्या हाताने सावरलं.

"साऱ्या गावाच्या मयती वाजवल्या, वैनी. कुनाला मुका न्हाई जाऊ दिला. आन तिला वाजलं न्हाई. हलगी कोपीत व्हती. फडात ट्रॅक्टर उभा, समदे म्हनले उरका लवकर. मी बी उरकलं."

तर ही गोष्ट होती: वाजवणाऱ्या घराचीच बाई मुकी गेली, घराची अब्रू तिथं अडकली होती. सगळा हंगाम तो हीच घेऊन ऊस तोडत होता. भास्करच्या चार प्रश्नांत ती कुठं बसणार? पण त्यानेच ती जवळ आणली, हेही मी मान्य करते. हलगीपर्यंत त्यानेच नेलं, फक्त चुकीची आणली.

"मंग आता वाजव," मी म्हणाले.

"आता? कवाच गेली ती."

"मेलेलं मानूस काय घाईत असतं व्हय? ओढ नीट, कातडं वाळतंय."

त्याने ओढलं. डोळ्यातलं पाणी त्याच्या हातांवर पडत होतं. मी म्हटलं, "खळीत पाडू नको, पातळ व्हईल." कडं मी सोडलं नाही.

दोन दिवस हलगी उन्हात वाळली. रविवारी तो ती घेऊन निघाला तर शेवंता आडवी आली. "वरीस झालं न्हाई, दुखवट्याचं घर, आन हलगी?"

"आमी दुखवट्यालाच वाजवतो," मी म्हणाले. "तुझ्या सासऱ्याला कोनी पोचवलं? ह्यानंच. तवा न्हाई आडवी आलीस."

ती बाजूला झाली. मग माझ्यामागून आली.

त्या रविवारी शेडमध्ये बसायला जागा नव्हती. त्या हंगामात फडावरून परतलेले सगळे होते. मास्तरांनी पेटीवर एक संथ चाल वाजवली आणि भाता मिटला. किसन बाहेर अंगणात उकिडवा बसला होता, काटक्यांचा जाळ करून. हलगी आचेवर धरायचा, टिचकी मारायचा, मान हलवायचा, पुन्हा धरायचा. कुणी घाई केली नाही. भास्कर दाराशी उभा होता. त्या दिवशी त्याने हलगी तापताना पहिल्यांदा नीट पाहिली.

मग टणकन बोलली.

किसन उभा राहिला आणि त्याने मयतीचा ठेका धरला. हळू, एक जड, दोन हलके. आमच्याकडं तो ऐकला की माणूस बसून राहत नाही. रस्त्याने मयत चालली की उठून उभं राहायचं, टोपी काढायची. इथं मयत नव्हती, पण अख्खी शेड उठली. टोप्या निघाल्या. बायकांनी डोक्यावर पदर घेतला. कोणासाठी, हे सांगावं लागलं नाही. सोना गेली त्या फडात यांच्यातले निम्मे होते.

तो ठेका उभ्याने वाजवायचा नसतो, चालत वाजवायचा असतो. किसन चालायला लागला. दवाखान्यापासून आमच्या दारावरून, वेशीबाहेर, ओढ्याकडं. पाच वाजताचं ऊन, रस्त्याची तापलेली धूळ, आणि त्याच्यामागं सगळे. पुढं खांद्यावर काही नव्हतं, पण माणसं खांदेकऱ्यांना वाट सोडून चालतात तशीच चालत होती. भास्कर सगळ्यात शेवटी होता, एका म्हाताऱ्या पेशंटला हाताला धरून. पुढं आला नाही, काही बोलला नाही. शिकलेल्या माणसाला गप्प बसता येणं फार अवघड. त्याला ते आलं. एवढा अभिमान मला त्याच्या पदवीचाही वाटला नव्हता.

ओढ्याशी किसन थांबला. शेवटचा ठोका दिला आणि दोन्ही काड्या कमरेला खोचल्या. परतताना वाजवत नाहीत. सगळे मुक्याने परत आले.

दारात आल्यावर त्याने पाय धुतले आणि म्हणाला, "वैनी, भाकरी हाय का?"

नुसत्या हलगीने माणूस बरा होतो असं कुणी समजू नये. डॉक्टर माझ्यावर रागावेल. गोळ्या पुढं वर्षभर चालल्या, वाईट दिवसही येत राहिले. पण त्या दिवशी त्याने दोन भाकरी खाल्ल्या आणि खांबाजवळ मी पाण्याचा माठ ठेवून टाकला, पुन्हा तिथं बसू नये म्हणून.

पुढच्या हंगामापासून भास्करने एक रीत पाडली. टोळ्या निघायच्या आधी सगळ्यांची छाती, रक्त, बीपी तपासायचं. आणि एका कोयत्याची दोन कार्डं करायची, नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. मुकादम हसला, "डॉक्टर, कोयता तर एकच हाय की." भास्कर म्हणाला, "छात्या दोन आहेत." परत आल्यावर पुन्हा तीच तपासणी, तेच चार प्रश्न. आता कुणी हसत नाही. शेवंता तर आधीच सांगून टाकते, "झोप हाय, जेवन हाय, रविवारचं आयकलं हाय, आता गुडघ्याचं बघ."

काल ट्रॅक्टर आला तसा किसन सतरंज्या झटकायला शेडमध्ये गेला. त्याच्याकडं आता शिकायला येतात, पोरीही येतात. येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी महिनाभर नुसतं तापवायला लावतो. वाजवणाऱ्यांना सगळ्यांच्या पंगतीत बसवून जेवण दिल्याशिवाय भास्कर जाऊ देत नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. बापाला दाराबाहेर जेवताना त्याने पाहिलं असणार.

त्यालाही शिकायचं आहे. बापाच्या कड्यावर. काल संध्याकाळी अंगणात बसून त्याने हलगी शेकली, बरी शेकली, आणि वाजवायला लागला. मी आत चुलीपाशी होते. दोन ठोके जागेवर, तिसरा कुठल्या कुठं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. चार वर्षं झाली, तिसरा ठोका काही सापडत नाही. तरी लाजत नाही, हसतो आणि पुन्हा धरतो.

किसन चहा घ्यायला आत आला. बाहेर कान देऊन थोडा वेळ उभा राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "तू लपवलीस ते बरं केलंस. ह्यो वाजवनारा झाला असता तर उपाशी मेला असता."

"मला म्हाईत व्हतं," मी म्हणाले.

माहीत नव्हतं. पण हे त्याला कशाला सांगू? मी चहा गाळला आणि बाहेर नेऊन डॉक्टरच्या हातात दिला, म्हणजे तेवढा वेळ तरी हलगी थांबेल.